चाल सोडल्यावर जे उरते

एखादी कृती मूळ रूपात जपणे म्हणजे तिचा सन्मान आणि तिच्यात फेरफार करणे म्हणजे तिची विटंबना, हा समज आपल्या साहित्यव्यवहारात फार खोलवर मुरलेला आहे. कादंबरीवरून नाटक बेतलेले असो, नाटकावरून चित्रपट निघालेला असो की कवितेचा अनुवाद झालेला असो, चर्चा शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: हे मुळाशी प्रामाणिक आहे की नाही? परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांपासून परिसंवादांपर्यंत हाच निकष वापरला जातो. हा प्रश्न अगदी गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही. पण तो अपुरा आहे असे मला ठामपणे वाटते. त्याचा अपुरेपणा दाखवणारे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला साहित्याबाहेर, अमेरिकेतल्या जॅझ संगीतात दिसते. जॉर्ज गर्शविन या रचनाकाराच्या गाण्यांचे जॅझवादकांनी जे केले, ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे.

प्रथम एक ताजी कायदेशीर घटना. गर्शविनची १९३० साली प्रकाशित झालेली 'आय गॉट रिदम' आणि 'एम्ब्रेसेबल यू' ही गाणी पंचाण्णव वर्षांची मुदत संपल्यामुळे १ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्काच्या कक्षेबाहेर आली. कायद्याच्या लेखी ती आता कुणाचीच नाहीत, म्हणजेच सर्वांची आहेत. परंतु जॅझवादकांनी ती नव्वद वर्षांपूर्वीच सर्वांची करून टाकली होती, आणि तीही कायदा न मोडता. ते कसे घडले हे कळले की एखाद्या कृतीत नेमकी 'कृती' कुठे असते, हा जुना प्रश्न नव्याने समोर येतो.

गर्शविनचा जन्म १८९८ मध्ये ब्रुकलिनला झाला आणि १९३७ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. थोरला भाऊ आयरा गीते लिहीत असे आणि जॉर्ज चाली बांधीत असे. 'आय गॉट रिदम' आणि 'एम्ब्रेसेबल यू' ही दोन्ही 'गर्ल क्रेझी' या संगीतनाटकातली. ऑक्टोबर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या अल्विन थिएटरमध्ये हे नाटक रंगमंचावर आले तेव्हा 'आय गॉट रिदम' गाऊन एथेल मर्मन एका रात्रीत प्रसिद्ध झाली. मंचापुढच्या वाद्यवृंदात बेनी गुडमन, जीन क्रूपा आणि ग्लेन मिलर हे तरुण बसलेले होते. पुढच्या दशकात जॅझच्या लोकप्रियतेचे नेतृत्व ज्यांनी केले त्यांतली ही तीन नावे. तेव्हा रंगभूमीचे गाणे आणि जॅझ यांच्यात भिंत होती आणि जॅझवाल्यांनी ती फोडली, असे काही घडले नाही. पहिल्या रात्रीपासून दोघांचा शेजार होता.

आता या गाण्याच्या बांधणीकडे पाहू. आपल्या रागसंगीतात ठळकपणे नसलेला एक घटक पाश्चात्त्य संगीतात असतो, तो म्हणजे हार्मनी. चालीच्या खाली एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे संघ एका ठरावीक क्रमाने बदलत जातात. या संघांना कॉर्ड म्हणतात. श्रोत्याला आठवते ती चाल. पण त्या चालीला उभे धरणारा सांगाडा म्हणजे हा कॉर्डांचा क्रम. 'आय गॉट रिदम'च्या मुख्य भागाचा सांगाडा असा: आठ बारांचा एक खंड, त्याची पुनरुक्ती, मग आठ बारांचा वेगळ्या वळणाचा मधला खंड आणि पुन्हा पहिला खंड. शेवटी गर्शविनने दोन बारांचे शेपूट जोडले होते, त्यामुळे सर्व मिळून चौतीस बार होतात. जॅझवादकांनी हे शेपूट छाटले. बत्तीस बारांचे समतोल आवर्तन तयार झाले आणि ते कितीही वेळा फिरवता येऊ लागले. एकेक वादक पुढे येतो, त्याच आवर्तनावर आपले म्हणणे मांडतो आणि जागा दुसऱ्याला देतो.

पुढची पायरी अधिक धाडसी होती. वादकांनी चालच सोडून दिली. गर्शविनचा कॉर्डक्रम तेवढा ठेवला आणि त्यावर स्वतःची नवी चाल बसवली. लेस्टर यंगचे 'लेस्टर लीप्स इन' (१९३९), ड्यूक एलिंग्टनचे 'कॉटन टेल' (१९४०), चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचे 'अँथ्रोपॉलॉजी', सनी रॉलिन्सचे 'ओलिओ' (१९५४), थिलोनियस मंकचे 'रिदम-अ-निंग' ही सगळी एकाच सांगाड्यावर उभी आहेत. अमेरिकी कायद्यात चाल ही मालमत्ता होती. कॉर्डांचा क्रम सहसा मालमत्ता मानला जात नसे. त्यामुळे नवी चाल नव्या नावाने नोंदवता येई आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनाही ते सोयीचे असे, कारण मूळ रचनाकाराचे मानधन वाचत असे. यात व्यवहार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र व्यवहाराने सुरू झालेल्या गोष्टीतून सौंदर्यविचार निष्पन्न होत नाही असे थोडेच आहे? वादक मंडळी या कॉर्डक्रमाला आजही 'रिदम चेंजेस' म्हणतात. कायद्याने जे श्रेय मागितले नव्हते ते त्यांनी बोलीत जपून ठेवले आहे.

मराठीच्या अभ्यासकाला इथे ज्ञानेश्वरी आठवल्यावाचून राहणार नाही. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचणाऱ्या ग्रंथाला आपण 'अनुवाद' म्हणत नाही, 'मुळापासून दूर गेलेला' म्हणून त्याचे गुणही कापत नाही. श्लोकांचा क्रम तोच राहतो आणि त्या क्रमाच्या आधारावर एक स्वतंत्र काव्य उभे राहते. फरक एवढाच की ज्ञानेश्वरीत श्लोक समोर असतो, त्याचा मान राखला जातो. पार्करच्या वादनात तो श्लोक उच्चारलाच जात नाही. ऐकणाऱ्याने तो मनात धरायचा असतो.

हे सर्वांत तीव्रपणे जाणवते ते 'एम्ब्रेसेबल यू'मध्ये. २८ ऑक्टोबर १९४७ रोजी पार्करने न्यूयॉर्कमध्ये हे गाणे डायल या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. सोबत ट्रंपेटवर एकवीस वर्षांचा माइल्स डेव्हिस होता, ड्रम्सवर मॅक्स रोच. गाणे संथ लयीचे, प्रियकराच्या आर्जवाचे, सर्वांच्या ओळखीचे. पियानोची छोटी प्रस्तावना संपते आणि पार्कर सुरू होतो. पण गर्शविनची चाल काही येत नाही. त्याऐवजी सहा स्वरांचा एक लहानसा तुकडा येतो, तो थोड्याथोड्या फरकाने पुन्हा येतो, वळतो, लांबतो, आणि त्यातून एक संपूर्ण विचार उलगडत जातो. त्याच दिवशी त्याने हे गाणे दुसऱ्यांदा वाजवले, तेव्हा वाट बदलली. दोन्ही वादने आज उपलब्ध आहेत. एकाच गाण्याची दोन वाचने शेजारीशेजारी ठेवून अभ्यासण्याची अशी संधी साहित्यात क्वचितच मिळते.

यातला गमतीचा भाग पुढे आहे. त्याच वर्षी १७ डिसेंबरला पार्करने त्याच कंपनीसाठी 'क्वासिमोडो' नावाची रचना वाजवली. तिचा कॉर्डक्रम 'एम्ब्रेसेबल यू'चाच आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या आत एकाच सांगाड्यावर त्याच माणसाने वाजवलेले एक संगीत 'गर्शविन' ठरले आणि दुसरे 'पार्कर'. पहिल्याच्या सुरुवातीला गर्शविनची चाल जवळजवळ नाहीच, तरी ते गर्शविनचे; दुसऱ्यात तर ती मुळीच नाही, म्हणून ते पार्करचे. तबकडीवर छापलेले कर्त्याचे नाव हे सत्य सांगण्यापेक्षा हिशेब मिटवण्याच्या कामी अधिक येते, हे यावरून दिसते. 'लेखक कोण?' या प्रश्नावर आपण बार्थ आणि फूको यांच्या आधाराने पुष्कळ चर्चा करतो. तीच चर्चा या दोन तबकड्या ऐकवून अर्ध्या तासात करता येईल.

असे करण्यात गर्शविनवर अन्याय झाला काय? स्वतः गर्शविनची वागणूक पाहिली तर तसे वाटत नाही. १९३२ मध्ये त्याने आपल्या अठरा गाण्यांचे एक पुस्तक काढले. त्यात प्रत्येक गाण्याच्या छापील रूपासोबत आपण ते पियानोवर कसे फुलवतो याचाही आराखडा दिला. १९३४ मध्ये त्याने 'आय गॉट रिदम'वरच पियानो आणि वाद्यवृंदासाठी बदलांची एक मालिका रचली. आपल्या गाण्याचे छापील रूप हे अंतिम रूप आहे असे त्यानेच मानले नव्हते. आपण मात्र मूळ रूपाच्या पावित्र्याची काळजी त्याच्यापेक्षा जास्त वाहतो!

इथपर्यंतचा युक्तिवाद तसा सोपा आहे. खरी कसोटी लागते ती 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरापाशी, कारण तिथे प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीची ही कथा. ड्यूबोस हेवर्ड या गोऱ्या लेखकाच्या १९२५ मधल्या 'पोर्गी' कादंबरीवरून ती घेतली. गर्शविन १९३४ च्या उन्हाळ्यात चार्ल्सटनजवळच्या फॉली बेटावर जाऊन राहिला, तिथल्या आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांतले गाणे आणि प्रार्थना त्याने ऐकल्या. ऑक्टोबर १९३५ मध्ये ऑपेरा न्यूयॉर्कला आला, पुन्हा त्याच अल्विन थिएटरमध्ये, आणि १२४ प्रयोगांनंतर थांबला. भूमिका कृष्णवर्णीय गायकांनीच कराव्यात असा गर्शविनचा आग्रह होता. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवण्याची प्रथा होती. पोर्गीची भूमिका करणारा टॉड डंकन आणि त्याचे सहकारी अडून बसले, आणि त्या प्रयोगांपुरती ती प्रथा मोडावी लागली. हे या कलाकृतीच्या जमेच्या बाजूला मांडलेच पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुगार, दारू, मादक पावडर, सुरामारी, भोळी श्रद्धा; एका समाजाचे हे चित्र कुणाच्या नजरेतून रंगवलेले आहे? पात्रांच्या तोंडी जी मोडकी बोली घातली आहे ती कुणी लिहिली? हे प्रश्न पहिल्या प्रयोगापासून विचारले गेले. संगीतकार हॉल जॉन्सनने १९३६ मध्ये यावर सविस्तर टीकालेख लिहिला. १९५९ मध्ये ओटो प्रेमिंजरचा चित्रपट निघाला तेव्हा हॅरी बेलाफॉन्टेने भूमिका नाकारली आणि सिडनी पॉइटियरने ती नाखुशीने केली. विचारवंत हॅरल्ड क्रूसने १९६७ मध्ये तर कृष्णवर्णीय कलावंतांनी या ऑपेरावर कायमचा बहिष्कार टाकावा अशी भूमिका घेतली. दुसऱ्यांच्या जगण्यातून उचललेल्या सामग्रीवर एक गोरा रचनाकार अभिजात ठरतो आणि ज्यांची सामग्री ते त्याच्या नाटकात पोटासाठी भूमिका करतात, हा त्याचा संताप निराधार नव्हता.

अशा कृतीचे करायचे काय? आपल्याकडेही अभिजात म्हणून गौरवलेल्या कितीतरी कृतींतले स्त्रियांचे आणि दलितांचे चित्रण आज वाचताना खुपते, आणि वर्गात लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, काळाचा संदर्भ लक्षात घ्या, कृतीला हात लावू नका. दुसरा म्हणतो, अभ्यासक्रमातून काढून टाका. दोन्ही तटांचे एका बाबतीत एकमत असते: कृती जशी आहे तशीच राहणार. एकाला ती तशीच पूजायची असते, दुसऱ्याला तशीच पुरायची असते.

माइल्स डेव्हिस आणि संयोजक गिल इव्हान्स यांनी १९५८ च्या उन्हाळ्यात 'पोर्गी अँड बेस'चे जे ध्वनिमुद्रण केले त्यात तिसरी वाट दिसते. पहिली गोष्ट, त्यात शब्द नाहीत. 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' या शीर्षकातल्या क्रियापदाला जोडलेला जो चुकीचा प्रत्यय आहे, त्यातच ती सगळी उसनी बोली साठलेली आहे. ट्रंपेटला तो प्रत्यय उच्चारता येत नाही. हेवर्डची नजर शब्दांसोबत गळून जाते आणि बेसची विनवणी तेवढी उरते. दुसरी गोष्ट कॉर्डांची. इव्हान्सने या गाण्यात आपल्याला कॉर्ड न देता केवळ एक स्वरसप्तक दिले, असे डेव्हिसने त्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितले होते. म्हणजे पार्करने चाल सोडून सांगाडा ठेवला होता. इथे सांगाडाही सैल केला गेला. पुढच्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या 'काइंड ऑफ ब्लू'ची वाट इथून दिसू लागते. गर्शविनच्या कृतीचे हे वाचन जॅझच्या स्वतःच्या भाषेलाच बदलून गेले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑपेरात स्ट्रॉबेरी आणि खेकडे विकणाऱ्यांच्या हाळ्या आहेत. अशा हाळ्या ही चार्ल्सटनच्या रस्त्यांची जुनी रीत. त्या रस्त्यावरून गर्शविनच्या स्वरलेखनात गेल्या, ऑपेराच्या शिक्षित कंठांत गेल्या आणि डेव्हिसच्या ट्रंपेटमध्ये पुन्हा एकट्या माणसाच्या हाकेसारख्या झाल्या. डेव्हिसला यातून काही राजकीय विधान करायचे होते काय, याला महत्त्व देण्याचे कारण नाही. हेतू सिद्ध करता येत नाही. स्वर ऐकता येतो. ज्या हाळीचे आधी चित्रण झाले होते ती आता स्वतः बोलते आहे, हा फरक कानाला कळतो.

अर्थात यावरून 'हिरावलेले परत मिळवले' अशी घोषणा देण्याचा मोह टाळला पाहिजे. गिल इव्हान्स टोरांटोला जन्मलेला गोरा संगीतकार होता. शिवाय चित्रपट येणार या हिशेबाने त्या काळात 'पोर्गी अँड बेस'च्या तबकड्यांची रांगच लागली होती आणि ही तबकडी त्याच बाजारात उतरली. पुनर्वाचन हे कधीच सोवळ्यात होत नसते. त्याची किंमत ते कुठून आले यावर ठरत नाही, त्यात काय ऐकू येते यावर ठरते.

याच ऑपेरातल्या 'समरटाइम'चा प्रवास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. बिली हॉलिडेने ते १९३६ मध्येच गायले. सिडनी बेशेने १९३९ मध्ये सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवले आणि ब्लू नोट या नवजात कंपनीला पाय रोवायला मदत झाली. पुढे हे गाणे इतके गोड झाले की ते केवळ एक अंगाईगीत म्हणून उरले. मूळ संहितेत मात्र ही अंगाई गाणारी क्लारा आणि तिचा नवरा जेक दोघेही वादळात मरतात, आणि तिसऱ्या अंकात त्या पोरक्या बाळाला मांडीवर घेऊन बेस तीच अंगाई पुन्हा गाते. गाण्यातले सुखाचे आश्वासन तेव्हा खोटे ठरलेले असते. जॉन कोल्ट्रेनने ऑक्टोबर १९६० मध्ये 'समरटाइम' टेनर सॅक्सोफोनवर वाजवले. त्यात झोका नाही. लय अस्वस्थ आहे, स्वर खरखरीत आहेत, एल्विन जोन्सचे ड्रम्स खालून धडका देत राहतात. वरवर पाहता मुळाची इतकी मोडतोड दुसऱ्या कुणी केली नसेल. पण माझ्या मते शेकडो गोड आवृत्त्यांपेक्षा हीच आवृत्ती तिसऱ्या अंकाच्या सर्वांत जवळ आहे. चालीशी इमान राखणारे गायक गाण्याच्या अर्थाशी बेइमान झाले आणि चाल मोडणारा अर्थापर्यंत पोचला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल: मग काहीही करावे काय? तसे मुळीच नाही. जॅझमधले हे स्वातंत्र्य वाटते तितके स्वस्त नाही. 'रिदम चेंजेस'वर वाजवणाऱ्याला बत्तीस बारांपैकी आपण कुठे आहोत याचे भान एक क्षणही सोडता येत नाही. मधल्या खंडात कॉर्ड बदलतात तेव्हा ज्याला ते कळले नाही त्याचे अज्ञान ताबडतोब उघडे पडते. जो मूळ गाणे पोटात घालून बसलेला आहे त्यालाच ते ओठांवर न आणण्याचा अधिकार आहे. नुसतेच वाद्यांचे झालर-तोरण लावून जुनी चाल पुन्हा विकणाऱ्या तबकड्याही जॅझमध्ये ढिगाने निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक चालीशी अगदी प्रामाणिक आहेत. त्या टाकाऊ आहेत त्या प्रामाणिकपणामुळे नव्हे. मुळाला त्यांनी एकही प्रश्न विचारलेला नाही म्हणून.

तेव्हा निकष बदलायचा तो असा. रूपांतरकाराने, अनुवादकाराने, दिग्दर्शकाने मुळातले किती ठेवले याची मोजदाद करण्याऐवजी, त्याने मुळातले काय ऐकले होते आणि जे सोडले ते कळून सोडले की न कळता, असे विचारले पाहिजे. हा निकष सैल नाही. उलट तो अधिक कडक आहे, कारण तो लावण्यासाठी परीक्षकालाही मूळ कृती तितकीच पाठ असावी लागते. 'मुळाशी प्रामाणिक' या शिक्क्यामागे आपला आळस लपतो, तसा तो इथे लपवता येणार नाही.

आणि ज्या अभिजात कृतींशी आज आपले भांडण आहे, त्यांच्याबाबत तर हा निकष अधिकच गरजेचा आहे. त्या कृती अभ्यासक्रमात ठेवाव्यात की काढाव्यात यावर विद्वत्परिषदांनी खुशाल वाद घालावेत. ज्या विद्यार्थ्याला अशा कृतीत आपल्या समाजाचे, आपल्या आईचे विकृत चित्र दिसते, त्याच्या हाती आपण आज फक्त आस्वादक निबंधाचा नमुना देतो किंवा निषेधाचा. त्या कृतीचा सांगाडा हाती घेऊन तिच्यावर स्वतःची चाल बसवण्याचे काम त्याला द्यावे आणि ते काम समीक्षा म्हणूनच तपासावे. काही उत्तरे झालर-तोरणाची निघतील. एखादे असे निघेल की त्यानंतर मूळ कृती आपल्यालाही पूर्वीसारखी वाचता येणार नाही.